उणे सोळा तास

जिनिंगमधल्या दिवाणजीला दोन गोष्टींची धास्ती असते, एक कापसाला लागणारी आग आणि दुसरी सेठच्या पोराला येणारी हौस. आगीसाठी निदान वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात.

छोटे सेठ पुण्याहून शिकून आले, आणि त्या वर्षी पांढरकवड्याच्या बाजूच्या आमच्या जिनात कापसाच्या आधी सॉफ्टवेअर आलं. "दिवाणजी, सगळं इंटरनेटवर आहे. मजूर आला की त्याच्या नावापुढचं हिरवं बटण, गेला की लाल. तास आपोआप." झालं. माझं मस्टर लोखंडी कपाटात गेलं.

आठची पाळी लागली, मी हिरवी बटणं दाबली आणि हजेरी पडली रात्री अडीचची. सॉफ्टवेअर ग्रीनिचच्या वेळेवर चालत होतं. मुकादम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. म्हणाला, "काहून जी दिवाणजी, अडीच वाजता तं आमी झोपून होतो. झोपीची मजुरी भेटते का?" भारताची वेळ लावायला गेलो, तर यादीत भारत नाहीच, कोलकाता! केळापूर तालुक्यातल्या जिनाचं घड्याळ शेवटी कोलकात्याला बांधलं.

तरी रेजा, म्हणजे मजूर बाया, रोज उशिराच. यात त्यांचा काय दोष? आपली घड्याळं लावलेली मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर. पांढरकवडा त्याच्या चार अंश पश्चिमेला, म्हणजे आमच्याकडे सूर्यच सोळा मिनिटं मागे. आणि बाया निघतात सूर्य बघून. सॉफ्टवेअरची सवलत दहा मिनिटांची. राहिलेल्या सहा मिनिटांपायी रोज सगळ्या टोळीला लाल शेरा. मी छोट्या सेठना नकाशा काढून समजावलं. ते म्हणाले, "मग सूर्याला नोटीस द्या."

पण खरी गंमत रात्रपाळीची. प्रेसवरचा पोऱ्या रात्री आठला आत, पहाटे चारला बाहेर. सॉफ्टवेअरनं चारातून वीस वजा केले आणि लिहिलं, उणे सोळा तास. पोऱ्यानं दोनदा वाचलं. "म्हंजे मलेच तुमाले सोळा घंटे द्या लागते का?" कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. तिकडच्या पोरीनं गोड आवाजात उपाय सांगितला की रोज रात्री बाराला सगळ्यांना बाहेर काढा, लगेच आत घ्या. तिला काय सांगू, बाई, आमच्याकडे बाराला लाईन असेलच असं नाही. लाईन गेली की जिन बंद, इंटरनेट बंद, आणि बाया अंधारात रुईच्या ढिगाला टेकून गप्पा मारतात. मस्टरमध्ये मी 'लाईन नाही' एवढं लिहिलं की हिशेब मिटायचा.

दशांशांनी तर डोकं खाल्लं. साडेआठ तासांना ते लिहितं ८.५०. मुकादमानं रुईचे तंतू चिकटलेलं बोट थेट स्क्रीनवर टेकवलं. "आठ घंटे पन्नास मिन्टं झाले ना जी? मंग पैसे आठ-तीसचे काहून?" बोट उचललं तरी तंतू आठ आणि पन्नासच्या मधल्या टिंबावर तसाच राहिला, त्यामुळे टोळीतल्या बाकीच्यांना तो आकडा थेट आठशे पन्नास दिसला. संध्याकाळ त्यातच गेली.

सुट्टी शनिवार-रविवारची. आमची बाजाराच्या दिवशी. रजेची कारणं चारच: आजारपण, किरकोळ, प्रसूती, इतर. आमची कारणं अशी, की शेतीची लाईन या आठवड्यात रात्रीची आहे म्हणून ओलिताला गेला, रानडुकरं शिरली म्हणून जागलीला गेला, साळ्याची तेरवी आहे. मुकादमाच्या बाकी रजा दिवाळीनंतर लगेच संपल्या. शिल्लक फक्त प्रसूतीच्या. त्यानं त्याच टाकल्या. सॉफ्टवेअरनं मंजूर केल्या, वर अभिनंदनही केलं. मिशीला पीळ देत त्यानं मला ते वाचून दाखवायला लावलं.

पुढं कापसाची आवक वाढली. गाड्यांची रांग फाटकाबाहेर, आणि बाया बारा-बारा तास जिनावर. असल्या जादा वेळेचा आमचा हिशेब पिढीजात होता, चहा, चिवडा आणि वर थोडेसे पैसे. सॉफ्टवेअरला चिवडा माहीत नव्हता. आठवड्याचे ४८ तास ओलांडले की ते प्रत्येक नावापुढं मजुरी दुप्पट लावत गेलं. पगाराचा कागद निघाला, तसा मोठ्या सेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे याला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही, सेठ. १९४८ पासून कायद्यातच आहे."

छोटे सेठ एकदम मोबाईलमध्ये गढले. मोठे सेठ म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये फार चुका आहेत, आपलं जुनं मस्टरच बरं. एवढे दिवस मी वेगळं काय सांगत होतो? पण तोवर ती बातमी जिनाच्या ओळीभर फिरली होती. स्क्रीनकडं कधी ढुंकून न पाहणारी सगळ्यात म्हातारी रेजा पदराला हात पुसत ऑफिसात आली. "बटन मीच दाबीन. माह्या डोयासमोर." तिच्यामागं बाकीच्या.

सेठनी मला कपाट उघडायला सांगितलं. चावी मुकादमाच्या करगोट्याला होती, आणि मुकादम त्या दिवशी प्रसूती रजेवर होता.