फोम लावला तरी आवाज थांबला नाही, या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला बसले होते पण म्हटलं आधी आपलाच लेख एकदा नीट वाचू आणि मग बोलू. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅम्परव्हॅनमधल्या, म्हणजे आत पलंग, कपाटं, शेगडी बसवलेल्या व्हॅनमधल्या, फर्निचरचा आवाज घालवायला मी फोमच्या पट्ट्या लावा असं लिहिलं होतं, यांनी दोन दिवस खर्च करून कपाटं, ड्रॉवर, भिंतीलगतच्या फटी सगळीकडे फोम चिकटवला, खडखड जरा कमी झाली पण पलंगाखालून नवीनच करकर सुरू झाली. आणि यांचं म्हणणं असं की "ताई, उगाच लोकांचा वेळ घालवू नका, सगळं फर्निचर बॉडीला स्क्रूने गच्च आवळा, मागच्या पोकळीत स्प्रे फोम भरा आणि उरलेल्या आवाजासाठी गाणी मोठ्याने लावा".

पहिलं म्हणजे पलंगाच्या करकरीबद्दल तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. मी लेखभर नुसतं "आवाज, आवाज" लिहीत गेले. आपल्या भाषेत खडखड, खुळखुळ, किणकिण, करकर, कुरकुर, घरघर एवढे शब्द आहेत आणि ते उगाच नाहीयेत, प्रत्येकाचं कारण वेगळं असतं म्हणून उपायही वेगळा, हे मी सांगायलाच हवं होतं.

खडखड म्हणजे आपटणं. दोन वस्तूंमध्ये फट आहे, धक्का बसला की त्या लांब होतात आणि परत येऊन आदळतात. किणकिण पण तेच, फक्त काच किंवा धातू असतो. इथे फोम चालतो कारण तो फट भरतो आणि आदळणं मऊ करतो. करकर म्हणजे घासणं, तिथे फट नसतेच. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात, गाडी हलली की एक जरा सरकतो, अडकतो, ताण वाढला की सटकतो, परत अडकतो, हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि आपल्याला ते करकर म्हणून ऐकू येतं. अशा जागी फोम घातला तर तो रबरासारखा सनमायकाला धरून ठेवतो आणि सोडतो, म्हणजे करकर थांबायच्या ऐवजी तयार होते, तुमच्या पलंगाचं बहुतेक हेच झालंय. तिथे लागतं ते सरकू देणारं काहीतरी, जाड फेल्टची पट्टी किंवा गुळगुळीत प्लास्टिकचा टेप, पॉलिथिलीनचा मिळतो तो. गाड्या बनवणारे सुद्धा डॅशबोर्डमागच्या वायरींना कापडी टेप गुंडाळतात तो याचसाठी, वायर प्लास्टिकवर घासून आवाज येऊ नये म्हणून.

खात्री करायची असेल तर काहीही उचकटायच्या आधी संशयित सांध्यावर चिमूटभर टाल्कम पावडर टाका आणि त्याच रस्त्यावरून एक चक्कर मारा. आवाज गेला किंवा कमी झाला तर ते घासणंच, मग फोम काढून फेल्ट लावा. सिलिकॉन स्प्रेनेही कळतं पण तो शक्यतो नको, कारण एकदा तो प्लायवर बसला की त्या जागी नंतर कुठलाच टेप धड चिकटत नाही, हे मी स्वतः करून बसले आहे, अख्खी पट्टी घासून काढावी लागली होती.

आता गच्च आवळण्याबद्दल, इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. गाडीची बॉडी म्हणजे न हलणारी पेटी नव्हे, पुढचं एकच चाक स्पीडब्रेकरवर चढलं की अख्खी बॉडी पिळली जाते, थोडीच, पण जाते. हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. मग एकदा भाऊ अगदी हळू, चालण्याच्या वेगाने गाडी तिरकी स्पीडब्रेकरवर घालत होता आणि मी मागच्या सीटवर बेल्ट लावून बसून कपाट आणि भिंत दोन्हीला टेकेल असं बोटाचं टोक धरलं होतं, चाक चढताना फट बोटाखाली बारीक झाली आणि उतरताना परत उघडली, स्पष्ट जाणवलं. आता विचार करा, तेच कपाट जमीन, भिंत आणि छत तिन्हीकडे कडक आवळलं असतं तर तो पीळ गेला असता कुठे? स्क्रूंमध्ये. आणि स्क्रू प्लायच्या कडेत असेल तर तो स्वतःचं भोक कुरतडत मोठं करतो आणि काही महिन्यांनी तोच स्क्रू खुळखुळायला लागतो.

नट-बोल्टचंही तसंच. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये प्रयोग करून दाखवलं की बोल्ट ढिला होतो तो मुख्यतः आडव्या हालचालीमुळे, म्हणजे जोडलेले दोन भाग एकमेकांवर इकडून तिकडे सरकले की नट हळूहळू स्वतःहून फिरतो. म्हणूनच नुसता स्प्रिंग वॉशर टाकून समाधान मानू नका, नायलॉन रिंगवाला नट वापरा किंवा मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक, म्हणजे आट्यांवर लावायचा गोंद, लावा. माझी पद्धत अशी आहे की कपाट जमिनीला बोल्टने पक्कं, खालून मोठे वॉशर, आणि भिंतीच्या बाजूला ब्रॅकेट आणि बॉडीच्या मध्ये रबराचं पॅकिंग, म्हणजे धरलेलं राहतं पण पिळाला जागा मिळते. याचा अर्थ ढिलं ठेवा असा अजिबात नाही हं! सीट, बेल्टचे पॉइंट, बॅटरी, सिलिंडर यांना बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणेच बांधायचं, तिथे आवाजासाठी काही मऊ घालत बसायचं नाही.

स्प्रे फोम तर कृपा करून नको. तो फुगताना पातळ पॅनेल बाहेर ढकलतो, पाणी गेलं तर धरून ठेवतो, दारांच्या आणि दारांखालच्या पट्ट्यांच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात ती बुजली की आतून गंज सुरू. आणि पुढेमागे तो पत्र्यापासून सुटला की पत्र्यावर घासून स्वतःच करकरतो. अजून एक, हे सगळ्यांनीच वाचा, गॅसच्या कप्प्याच्या तळाला जे उघडं भोक असतं ते गळती झाली तर गॅस खाली निघून जावा म्हणून असतं, एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तिथून वारा येतो, आवाज येतो म्हणून कोणीही ते बुजवू नका, फोमने नाही, कापडाने पण नाही.

आणि गाण्यांचं. दिवसभर गाडी चालवताना डोक्यात खडखड गेली की माणूस वैतागतो, ते मला पूर्ण समजतं. पण ऐका. मागच्या वर्षी आमच्या गाडीत ब्रेक मारला की एकदाच "खण" व्हायचं, बाकी काही नाही. मला वाटलं चमचे असतील. ड्रॉवर रिकामा केला, तरी खण. भाऊ चालवतोय आणि मी मागे तळहात प्लायवर ठेवून बसलेय असं तीन वेळा झालं, दर वेळी वाटायचं वरच्या कपाटातून येतोय. नंतर कळलं की प्लायची फळी तबल्यासारखी असते, आवाज एका टोकाला होतो आणि दुसऱ्या टोकाला घुमतो, त्यामुळे कानावर विसंबून चालत नाही. शेवटी फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवून रेकॉर्डिंग चालू करून एकेका कप्प्यात ठेवला, तोच रस्ता, तोच वेग, आणि सगळी रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली. गॅसच्या कप्प्यातलं सगळ्यात खणखणीत निघालं. सिलिंडरच्या पट्ट्याचा बोल्ट दोन आटे बाहेर आला होता, सिलिंडर पुढे सरकून पत्र्याला लागत होता. मी त्या आठवड्यात गाणी मोठ्याने लावली असती तर ते कळलं नसतं, म्हणून मी खडखडीच्या मागे एवढी लागते.

तुम्ही शोधायला बसाल तेव्हा आधी गाडी पूर्ण रिकामी करून एक चक्कर मारा, भांडी, डबे, शेगडीच्या जाळ्या, ओव्हनचे ट्रे, जॅक-पाना सगळं बाहेर. अर्धे आवाज फर्निचरचे नसतातच. शेगडीची लोखंडी जाळी आणि सीटबेल्टचं रिकामं बक्कल हे दोघं मिळून जेवढा गोंधळ घालतात तेवढा अख्खं कपाट घालत नाही, जाळीखाली प्रवासात जाड फडकं टाका (पेटवायच्या आधी काढा!) आणि बक्कल लावून टाका. कप्प्यातली फळी चार पिनांवर नुसती टेकलेली असते, तिला खालून एक स्क्रू मारा. दाराचा कॅच लागल्यावरही दार बोटाने आतबाहेर हलत असेल तर फोम लावायच्या आधी कॅचसमोरची पट्टी एकदीड मिलिमीटर सरकवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. उंच दाराला मात्र एक कॅच पुरत नाही, वर आणि खाली दोन लागतात.

घरघर हा अजून वेगळा प्रकार. गाडी उभी ठेवून हळूहळू रेस वाढवा. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा धक्का देतं, म्हणजे ९०० आरपीएमला (मिनिटाला ९०० फेऱ्या) सेकंदाला ३० आणि १८०० ला ६०. एखादं पॅनेल एका ठराविक आरपीएमलाच घरघरत असेल आणि त्याच्या पुढेमागे गप्प बसत असेल तर ते त्या ठोक्याला थरथरतंय. तिथे कडेला फोम लावून काही होत नाही, मधोमध ब्युटिलची, म्हणजे थरथर शोषणाऱ्या जड चिकट रबराची, शीट चिकटवा किंवा मागून एक आधारपट्टी द्या. अख्खा पत्रा मढवायची गरज नसते, मधला पाव ते अर्धा भाग पुरतो.

टायरचा प्रेशरही बघा. मालवाहू व्हॅनवर बनवलेल्या गाडीत बरेच जण पूर्ण लोडचा प्रेशर भरून फिरतात, आणि गाडी तेवढी जड नसेल तर प्रत्येक खड्डा थेट कपाटात जातो. दोन्ही अ‍ॅक्सलचं वजन करून घ्या आणि टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे भरा, त्याच्या खाली मात्र जाऊ नका.

फोमची पण एक गोष्ट राहिली होती. स्पंजसारखा उघड्या छिद्रांचा फोम काही महिन्यांत चपटा होतो आणि पाणी पितो, बंद छिद्रांचा ईव्हीए किंवा ईपीडीएम (रबरासारख्या फोमचे प्रकार) घ्या. २ मिलिमीटर फट असेल तर ३ चा, ६ चा नाही, नाहीतर दार दाबून लावावं लागतं आणि कॅच तुटतो.

मूळ लेखात "आवाज" या शब्दाच्या जागी मी आज खडखड आणि करकर वेगवेगळं लिहून घेतलंय आणि वर तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख पण केलाय. तुम्ही सगळा फोम काढू नका दादा, दारांचा आणि फटींमधला राहू दे, फक्त पलंगाच्या फळ्या जिथे चौकटीवर टेकतात तिथला काढून फेल्ट लावा. आणि करकर राहिलीच तर ती वळणावर येते की खड्ड्यात, पलंगावर कोणी बसल्यावर थांबते का, एवढं लिहा.