किटाची तारीख आणि नोकरीची तारीख एक ठेवू नका

जर्मनीत बाळ झालं की मराठी घरातली निम्मी चर्चा किटाच्या, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीच्या, जागेभोवती फिरते. नाव कुठे घातलं, किती ठिकाणी मेल केले, कुणाचा नंबर लागला. चर्चा रास्तच आहे. वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून मिळाला खरा, पण हक्क कागदावर आणि जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, असं मोठ्या शहरांत सर्रास होतं. शेवटी एकदाची करारावर सही होते, त्यावर १ सप्टेंबर ही तारीख असते, आणि त्याच आनंदात आई किंवा बाबा ऑफिसला कळवून टाकतात की १ सप्टेंबरपासून मी हजर.

कृपा करून असं करू नका. त्या तारखेला मूल किटात राहायला लागत नाही. त्या दिवशी ते आईला किंवा बाबांना चिकटून जेमतेम तासभर तिथे बसतं आणि घरी येतं.

बहुतेक किटांमध्ये मूल रुळवण्याची ठरलेली पद्धत असते, तिला आइनगेवोनुंग म्हणतात. सगळ्यांत जास्त चालतं ते बर्लिन मॉडेल. पहिले तीन दिवस एकच पालक मुलासोबत गटात तासभर बसतो आणि दोघं परत जातात. चौथ्या दिवशी पहिल्यांदा निरोप घेऊन पालक खोलीबाहेर जातो, तेही फार तर अर्धा तास, आणि हाकेच्या अंतरावर थांबतो. हा चौथा दिवस सोमवारी येऊ देत नाहीत, कारण शनिवार-रविवार घरी घालवलेलं मूल पुन्हा बिचकतं. बाहेर गेल्यावर मूल रडलं तरी चालतं. शिक्षिकेच्या कडेवर ते काही मिनिटांत शांत होतं का, हे बघायचं असतं. झालं तर वेळ रोज थोडा वाढवतात, आधी जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. नाही झालं तर पालकाला आत बोलावतात आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनी. दुसरं, म्युनिक मॉडेल, याहून संथ असतं: त्यात पहिला निरोपच साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं तरी चार ते सहा आठवडे धरायचे. मधे मूल आजारी पडलं (पडतंच) तर दोन पायऱ्या मागे जावं लागतं.

पद्धत चांगली आहे, पण ती बिघडवण्याच्या आपल्या काही खास सवयी आहेत. पहिली, मूल खेळात रमलं की गुपचूप सटकणं. भारतात प्लेग्रुपला आपण हेच करत आलो, इथे शिक्षिका त्यावर खरंच चिडतात. आई कधीही नाहीशी होऊ शकते हे एकदा मुलाला कळलं की ते पुढचे दोन आठवडे तिचा कुर्ता सोडत नाही. तोंडावर, मोजक्या शब्दांत निरोप घ्यायचा आणि जायचं. दारात उभं राहून दहा वेळा टाटा करायचं नाही. दुसरी सवय, आज आई, उद्या बाबा, परवा आजी. एकाच माणसाने पूर्ण काळ जायचं. तिसरी, गटात बसून आपणच मुलांना खेळवत बसणं. तुमचं काम कोपऱ्यात खुर्ची घेऊन नुसतं बसण्याचं. मूल तुमच्याकडे येईल, मांडीला टेकेल, पुन्हा जाईल. ढकलायचं नाही, धरूनही ठेवायचं नाही. लॅपटॉप घेऊन बसणारे बाबाही पाहायला मिळतात. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

आता पैशाचा आणि रजेचा भाग, कारण खरी गोची तिथे आहे. एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी घरी थांबणाऱ्या पालकाला सरकारकडून मिळणारा भत्ता, बाळाच्या आयुष्याच्या महिन्यांवर चालतं. बाळ १७ तारखेला जन्मलं तर महिना १७ ते १६. एका पालकाला जास्तीत जास्त १२ महिने आणि दुसऱ्यानेही किमान दोन घेतले तर मिळून १४. हे नेहमीचं, बेसिस प्रकाराचं एल्टर्नगेल्ड १४ व्या महिन्यानंतर मिळत नाही. बाबांचे ते दोन महिने आपल्याकडे हमखास भारतवारीत जातात. १ एप्रिल २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी तर दोघांनी एकाच वेळी बेसिस घ्यायची मुभा साधारणपणे एकाच महिन्यापुरती आणि तीही पहिल्या बारा महिन्यांत. त्यामुळे दुसरा महिना तसाही वेगळा घ्यावा लागतो, तो आइनगेवोनुंगसाठी राखून ठेवा. बाळ वर्षाचं झालं की तेरावा महिना सुरू होतो. किटा त्याच सुमारास सुरू होणार असेल तर बाबांनी तेरावा-चौदावा घ्यावा, आणि किटात रुळवायलाही त्यांनीच बसावं. बऱ्याच घरांत बाबांबरोबर हे सोपं जातं. अंगावर पिणारं मूल आई समोर असताना शिक्षिकेकडे कशाला जाईल?

किटा त्यानंतर सुरू होणार असेल तर बिनपगारी एल्टर्नत्साइट (नोकरी राखून मिळणारी पालक रजा) किंवा साठवलेली वार्षिक सुट्टी. मूल तीन वर्षांचं होईपर्यंतच्या एल्टर्नत्साइटसाठी कंपनीला सात आठवडे आधी कळवावं लागतं. आणि परतताना करार बदलून कायमचं पार्ट टाइम घेऊ नका. एल्टर्नत्साइट चालू ठेवून तिच्या आतच आठवड्याला ३२ तासांपर्यंत काम करता येतं. ती संपली की जुने तास आपोआप परत मिळतात. कंपनीत १५ पेक्षा जास्त माणसं आणि तुमचे सहा महिने पूर्ण, या दोन मुख्य अटी. पहिल्या हिवाळ्यात २० ते २४ तास काम, असं दोघांपैकी एकाने केलं तर घर तरतं. पैसे कमी येतात, हे मान्य. पण फेब्रुवारीत दोघांचेही मॅनेजर नाराज, मूल खोकतंय आणि घरात कुणी कुणाशी बोलत नाही, यापेक्षा ते स्वस्त पडतं.

कारण पहिला हिवाळा म्हणजे आजारपण. किटात नव्या गेलेल्या मुलाला वर्षाला आठ ते बारा सर्दी-ताप-जुलाब येणं डॉक्टरांच्या लेखी सामान्य आहे, आणि यातले बहुतेक ऑक्टोबर ते मार्चमध्ये कोंबलेले असतात. आरएसव्ही (छातीत उतरणारा सर्दीचा विषाणू), रोटा (जुलाबाचा विषाणू), हात-पाय-तोंडाचे फोड, डोळे येणं, उवा. ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय मूल घ्यायचं नाही, असा बहुतेक किटांचा नियम. उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या उलटीनंतर ४८ तास. सकाळी तापाचं औषध पाजून मूल किटात सोडायचं आणि बघू म्हणायचं, हा उद्योग करू नका. औषधाचा असर चार ते सहा तासांत ओसरतो, अकरा-बाराला फोन येतो, आणि शिक्षिकांना सगळं कळतं.

सरकारी विमा असेल तर आजारी मुलासाठी २०२४ पासून प्रत्येक पालकाला दर मुलामागे वर्षाला १५ कामाचे दिवस मिळतात, एकट्या पालकाला ३०. पैसे विमा कंपनी देते, साधारण बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ९० टक्के. पहिल्या दिवसापासून डॉक्टरांचा कागद लागतो. मूल त्या दवाखान्यात ओळखीचं असेल तर पाच दिवसांपर्यंतचा कागद फोनवरही देता येतो. दोघांचे मिळून ३० दिवस म्हणजे सहा आठवडे, पण दोघांनी वाटून घेतले तरच. दर वेळी आईच थांबली तर तिचे १५ डिसेंबरच्या आत संपतात. आयटीतल्या लोकांनी आणखी एक बघावं: पैशांसाठी रजा घेणारा पालक आणि मूल दोघंही सरकारी विम्यात असावे लागतात. पगार वाढला म्हणून खाजगी विम्यात गेलात आणि मूलही तिकडेच घातलंत, तर घरी थांबायचा हक्क राहतो, पैसे मिळत नाहीत. खाजगी विम्याचा एजंट हे आपणहून सांगत नाही.

औषधांबाबत एक गंभीर गोष्ट. बहुतेक मराठी घरांत भारतातून आणलेली पॅरासिटामॉलची बाटली असते. तिच्यात ५ मिलीमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम, ड्रॉप्स असतील तर १ मिलीतच १०० मिलिग्रॅम. इथल्या सिरपमध्ये ५ मिलीत २००. इबुप्रोफेनचं सिरप इथे एकाच नावाने २ टक्के आणि ४ टक्के अशा दोन ताकदींत मिळतं, एकात ५ मिलीला १००, दुसऱ्यात २०० मिलिग्रॅम. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत ‘नेहमीचे पाच मिली’ देणं इथेच अंगाशी येतं. घरात प्रत्येक औषधाची एकच बाटली ठेवा, तीही इथलीच, आणि डॉक्टरांना विचारून मुलाच्या वजनाप्रमाणे किती मिली ते बाटलीवरच मार्करने लिहा. बारा वर्षांखालच्या सरकारी विम्यातल्या मुलाला डॉक्टरांनी लिहून दिलं तर तापाचं सिरपही सहसा फुकट मिळतं, म्हणजे भारतातून वाहून आणायचं कारणच नाही. दवाखाना बंद असताना डॉक्टरांसाठी ११६११७ ला फोन करा, जीवावरचं असेल तर ११२ ला.

लशीचा कागदही आधीच बघून ठेवा. मार्च २०२० पासून गोवराच्या लशीचा पुरावा दाखवल्याशिवाय एक वर्षावरील मुलाला किटात घेता येत नाही. वर्षभराच्या मुलाला एक डोस, दोन वर्षांच्याला दोन. भारतात पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, इथे अकराव्यात. भारतात लस झाली असेल तर कार्ड किटात नेण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेत नोंद करून घ्या, म्हणजे प्रवेशाच्या दिवशी वाद होत नाही.

झोपेची तयारी मात्र दोन महिने आधी लागते. आपल्याकडे बाबा साडेसातला घरी येणार, मग मूल दहाला झोपणार आणि सकाळी नऊला उठणार. किटात नाश्ता आठच्या सुमारास, नऊला सगळी मुलं गोल करून गाणी म्हणतात, साडेअकराला जेवण, बाराला गादीवर आडवं. दर तीन-चार दिवसांनी झोपेची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणत गेलं की दीड महिन्यात जमतं. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत किंवा झोळीत झोपवायची सवय असेल तर दुपारची झोप तरी गादीवर, थोपटत करून बघा. तिथे एका बाईकडे चार-पाच मुलं असतात, फेऱ्या कोण मारणार? आणि एका कागदावर मुलाचे आपले शब्द रोमन लिपीत लिहून समोर जर्मन अर्थ द्या: पाणी, मंमं, शू, बाऊ, नको, गाई. शिक्षिका तो कागद डायपर बदलायच्या टेबलाच्या वर चिकटवतात आणि खरोखर वापरतात.

कपड्यांवर भारतातून सल्ले खूप येतात, बहुतेक निरुपयोगी. पाऊस असो, बर्फ असो, मुलं बाहेर खेळतात. एक जाडजूड जॅकेट उपयोगाचं नाही, थर लागतात. आत सुती किंवा लोकर-रेशीम बॉडी, वर फ्लीस किंवा लोकरी जॅकेट, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं. खाली चिखलाची रबरी पँट, माचहोजे, पट्टेवाली. तिचं पायाखालचं इलॅस्टिक गमबुटाच्या बाहेरून, तळव्याखाली घ्यायचं. आत घातलं की चिखलाचं पाणी थेट बुटात जातं. ही पँट ड्रायरमध्ये टाकली किंवा सॉफ्टनर घालून धुतली की पाणी अडवायचं थांबते. ओल्या फडक्याने पुसून वाळत घाला. आजीने विणलेला लांब मफलर आणि दोरीने गळ्यात अडकवलेले हातमोजे किटात चालत नाहीत, घसरगुंडीवर फास बसायचा धोका असतो. डोक्यातून घालायचा गळपट्टा द्या. बुटात अंगठ्यापुढे साधारण १२ मिलिमीटर जागा हवी, घट्ट बुटात पाय आणखी गारठतात. प्रत्येक वस्तूवर नाव, मोज्यांवरसुद्धा. आणि हे सगळं नवं घेऊ नका, मुलांच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात, हेच कपडे फार कमी किमतीत मिळतात.

जेवणाचं थोडक्यात. अर्जात नुसतं ‘मांस नाही’ लिहिलंत तर मासा येईल, जिलेटिन घातलेली जेलीची गोळी येईल. मांस, मासे, जिलेटिन नाही, अंडं चालतं की नाही, असं सुटं सुटं लिहा. डब्यात पोळीचा रोल, धिरडं, इडली सगळं चालतं. सुकामेवा बऱ्याच ठिकाणी चालत नाही, म्हणजे डिंकाचा लाडू घरीच. द्राक्षं उभी कापून द्या.

राहता राहिले आजी-आजोबा. व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा, आणि तो आपण सगळा बाळंतपणात वापरतो. बाळंतपणात मदत हवीच, पण तेव्हा आईची मातृत्व रजा असते आणि दाई घरी येते. पहिल्या किटा-हिवाळ्यात यातलं काहीच नसतं. जमलं तर एका बाजूच्या आजी-आजोबांना ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी बोलवा. जानेवारीत फुटपाथवर बर्फ गोठतो आणि वयस्कर गुडघ्यांना तो झेपत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तेव्हा मे-जूनमध्येच लागा. ते आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना किटात घेऊन जा, शिक्षिकांशी ओळख करून द्या आणि मुलाला न्यायला येणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव लेखी घाला. नाव नसेल तर सख्ख्या आजीच्या हातीही मूल देत नाहीत. आणि आजीच्या पर्समध्ये पासपोर्टची प्रत आणि किटाचा फोन नंबर ठेवून द्या, कारण पहिल्या दिवशी दारावर नेमकी बदली शिक्षिका असते.