विटी, दांडू आणि ९८०

पहिला कॉम्प्युटर गेम बनवायला विटीदांडू निवडला, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. एक मैदान, एक दांडू, एक विटी. राक्षस नाहीत, तलवारी नाहीत. थोडंफार पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत होती, गेम बनवायचं गोदो इंजिन फुकट होतं आणि त्याची भाषा जीडीस्क्रिप्ट दिसायला पायथॉनची चुलत बहीणच. पहिला रविवार मेन्यूत गेला. गेमचा पत्ता नव्हता, पण ‘सुरू करा’, ‘गुण’ आणि ‘श्रेय’ ही बटणं झोकात तयार होती. श्रेयाच्या पानावर कथा, दिग्दर्शन, संगीत, सगळीकडे मीच.

मग टोला हाणला. विटी थेट खाली गेली. पडद्यावर वाय अक्ष खालच्या दिशेने वाढतो, म्हणून वर जायचं तर वेग उणे लिहायचा! जुन्या टीव्हीच्या नळीतला किरण वरच्या कोपऱ्यातून सुरू होऊन ओळीओळीने खाली उतरायचा, ती खोड अजून चालू आहे. वर जाणारा वाय शिकवण्यासाठी गणिताच्या सरांनी माझा कान पिळला होता. त्याची भरपाई कोणाकडे मागायची?

उणे केलं. विटी उडाली ती खाली येईचना. येणार कशी? तिची जागा मीच कोडमधून बदलत होतो आणि पडायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. जन्मापासून जी गोष्ट आपण बिनपैशाची वापरतो, ती इथे स्वतःच्या हाताने घालावी लागते. गोदोत या गुरुत्वाकर्षणाचा ठरलेला आकडा ९८०. म्हणजे आपलं शाळेतलं ९.८च, मीटरला १०० पिक्सेल धरून. तो दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, वेगात मिळवला, तर विटी डोळ्याचं पातं लवायच्या आत पाताळात.

“मामा, डेल्टाने गुण ना!” भाचा म्हणाला. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. “नाहीतर तुझा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमवर, बसवलेला गेम माझ्या १४४च्या मॉनिटरवर अडीचपट पळेल.” बारावीतला मुलगा, पण बोलताना चष्मा सरांसारखा सावरतो.

गुणलं. आता विटी झोकदार कमान घेऊन खाली आली आणि जमिनीतून आरपार गेली. तिची दर फ्रेमला ३० पिक्सेलची उडी. विटी १२ पिक्सेल जाड, जमिनीची रेघ १०. एका फ्रेमला विटी रेघेच्या वर, पुढच्या फ्रेमला रेघेच्या खाली. मधे काय झालं ते संगणक बघतच नाही. जमीन ४०० पिक्सेल जाड केली, तेव्हा कुठे ती टेकली.

१९७२च्या पाँग या टेनिससारख्या व्हिडिओ गेममध्ये प्रोग्रॅम नव्हताच, म्हणे. मायक्रोप्रोसेसरसुद्धा नाही, नुसती सर्किटं. आणि तो बनवणाऱ्या ॲलन ॲलकॉर्नला ते काम हात बसावा म्हणून दिलेलं. हे वाचून मी त्या दिवशी लवकर झोपलो.

शेवटी अण्णांना खेळायला बसवलं. त्यांनी चष्मा पुसला, स्पेसबार दाबला, विटी उडाली.

“गल कुठंय? विटी कोलायची कुठून? आणि झेल कोण घेणार, तुझा बाप?”

म्हणून आता मैदानात झेल घेणारी पोरं उभी केली आहेत. विटी डोक्यावरून गेली तरी ती जागची हलत नाहीत. अण्णांचं म्हणणं, एवढं मात्र हुबेहूब जमलंय. धाकटा काका असाच उभा राहायचा.