‘गेज’वरच्या आक्षेपांना उत्तर: उलटे आकडे आणि मिलिमीटरचा आग्रह

नमस्कार,

‘गेज’, म्हणजे माप किंवा मापाचा क्रमांक, या शब्दावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. रेल्वे, तार, इंजेक्शनची सुई, बंदूक, विणकाम आणि भौतिकशास्त्र यांतलं ‘गेज’ फक्त ऐकायला एक आहे, मी ते ओढूनताणून एकत्र बांधलं, हा पहिला. वस्तू बारीक होत जाते तसा आकडा वाढतो, अशी मोजपट्टी विचार करून केलेली असूच शकत नाही, हा दुसरा. आणि मिलिमीटर हाताशी असताना असल्या आकड्यांचं कौतुक करणं धोक्याचं आहे, हा तिसरा. तिसरा मला बराचसा मान्य आहे, पहिले दोन नाहीत. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्याच्या पोटात आहेत.

तारेचा आकडा उलटा वाटतो, कारण आपण त्यात जाडी शोधतो. तार ओढणारा कारागीर सळई पोलादी पट्टीतल्या भोकातून ओढून काढायचा, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. एकाच ओढीत फार बारीक करायला गेलं की तार तुटते, म्हणून टप्पे पाडावेच लागतात. ओढी जितक्या जास्त, तितकी तार बारीक आणि आकडा मोठा. म्हणजे या आकड्याचं मूळ कामाच्या मोजणीत आहे. तुम्ही स्वतः यंत्रशाळेत काम करता असं लिहिलंय, तेव्हा ‘कितव्या पासची, म्हणजे ओढीची, तार’ हा प्रश्न तुम्हाला परका वाटू नये.

पुढे या आकड्यांना गणिती शिस्तही आली. अमेरिकेत १८५७ मध्ये ब्राउन अँड शार्प कंपनीने आणलेली मोजपट्टी आजही तिथल्या विजेच्या तारांना लागू आहे. तिचं एक टोक म्हणजे चार शून्यांची (०००० क्रमांकाची) तार, व्यास ११.६८ मिमी, दुसरं टोक ३६ क्रमांकाची, व्यास ०.१२७ मिमी. या दोहोंमध्ये ३९ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला व्यास एकाच प्रमाणात घटतो. त्यामुळे सहा पायऱ्या उतरलं की व्यास जवळपास निम्मा होतो आणि तीन पायऱ्या उतरलं की छेदाचं क्षेत्रफळ निम्मं होतं, म्हणजे त्याच लांबीच्या तारेचा विजेला होणारा रोध दुप्पट. १२ क्रमांकाऐवजी १५ ची तार टाकली तर रोध किती वाढेल, हे गणकयंत्राशिवाय सांगता येतं. मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या व्यासाचा आधी वर्ग करावा लागतो. अशा मोजपट्टीला अविचारी म्हणणं मला पटत नाही.

बंदुकीचं गेज आणखी साधं आहे. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ गेजची नळी, सुमारे १८.५ मिमी. गोळ्या जास्त पाडल्या तर प्रत्येक लहान होणार, म्हणून २० गेजची नळी अरुंद. नळीच्या आत बारीक अंतर मोजण्यापेक्षा शिसं तोलणं सोपं होतं.

आता पहिला आक्षेप. हे सगळे अर्थ एकमेकांना परके असते तर मी लेख लिहिलाच नसता. प्रत्येक ठिकाणी क्रिया एकच आहे: समोरची वस्तू आधी ठरवून ठेवलेल्या कशाशी तरी ताडून पाहणं. ठरलेली गोष्ट धंद्यागणिक बदलते. तार ओढणाऱ्याकडे भोकांची पट्टी, बंदूकवाल्याकडे पौंडभर शिसं, विणणाऱ्याकडे दहा सेंटिमीटरचा चौकोन, आणि रेल्वेवाल्याकडे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. रेल्वेत तर या ‘ठरवण्या’वरूनच भांडण झालं. ब्रिटिश अभियंता ब्रुनेलने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी सात फुटांहून थोडं जास्त अंतर घेतलं होतं, इतरांचं चार फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिमी. ग्लॉस्टरला दोन्ही मार्ग भेटायचे आणि माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागायचा. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून नव्या मार्गांसाठी अंतर ठरवून दिलं, तरी ब्रुनेलचे शेवटचे रुंद रूळ जायला १८९२ उजाडलं. रुंद मार्गावर गाडी जास्त स्थिर धावते, हे ब्रुनेलचं म्हणणं निराधार नव्हतं. पण शेजाऱ्याशी न जुळणारं उत्तम माप रेल्वेच्या कामाचं नसतं.

भौतिकशास्त्रातल्या ‘गेज’ला तुम्ही ‘निव्वळ नामसाधर्म्य’ म्हटलंय. इथे मी ठामपणे विरोध करतो. १९१८ मध्ये हेर्मान वाइल या गणितज्ञाने एक विलक्षण कल्पना मांडली: लांबी मोजायची पट्टी विश्वातल्या प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे निवडता यावी आणि तरीही निसर्गनियम तेच राहावेत. त्याने वापरलेला जर्मन शब्द मापं प्रमाणित करण्याच्या कामातलाच आहे, आणि इंग्रजीत त्याचं ‘गेज’ झालं. आइन्स्टाइनने लगेच अडचण दाखवली. पट्टीची लांबी प्रवासावर अवलंबून असेल, तर वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या एकाच मूलद्रव्याच्या अणूंच्या वर्णरेषा (त्यांच्या प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेषा) वेगळ्या दिसायला हव्यात, आणि तशा त्या दिसत नाहीत. वाइलने १९२९ मध्ये तीच कल्पना लांबीवरून काढून पुंज-तरंगाच्या कलेला, म्हणजे तरंग आपल्या चढउतारात कुठे आहे त्याला, लावली, आणि तिथे ती चपखल बसली. १९५४ मध्ये यांग आणि मिल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी ती विस्तारली. आज मूलकणांचं प्रमाणित प्रारूप याच पायावर उभं आहे. आता त्या सिद्धान्तात लांबीची पट्टी उरलेली नाही, पण ‘प्रत्येक ठिकाणी आपलं प्रमाण निवडण्याची मुभा’ हा गाभा तोच आहे. तार ओढणाऱ्याच्या पट्टीपासून तिथवर सलग वाट जाते, आणि मला ती वाट फार सुंदर वाटते.

तिसरा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा, आणि तुमची काळजी रास्त आहे. तुम्ही उदाहरण दिलं नाहीत, ते मी देतो. इंजेक्शनच्या सुईचं गेज लोखंडी तारेच्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांवरून आलं, म्हणून १८ ची सुई जाड, बाहेरून सुमारे १.२ मिमी, आणि २६ ची बारीक, साधारण ०.४५ मिमी. त्याच वॉर्डात कॅथेटर (शरीरात घालायची नळी) मात्र फ्रेंच मापाने मोजतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या शारिएरचं हे माप: क्रमांकाला तीनने भागलं की मिलिमीटर. म्हणजे १८ ची सुई १.२ मिमी आणि १८ चा कॅथेटर ६ मिमी. एकीकडे आकडा वाढला की वस्तू बारीक, दुसरीकडे जाड. रंग पाहून काम भागेल म्हणावं, तर हिरवी सुई २१ ची असते आणि शिरेत लावायची हिरवी कॅन्युला (बारीक नळी) १८ ची. सुईवर गुलाबी म्हणजे १८, कॅन्युलावर गुलाबी म्हणजे २०. नर्सना हे सरावाने पाठ होतं, पण सरावावर इतका भार टाकणं मलाही योग्य वाटत नाही. रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला भराभर द्रव द्यायचा असतो तेव्हा जाड, आखूड कॅन्युला लागते, कारण सरळ, संथ प्रवाहात दर मिनिटाला किती द्रव जातो हे त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. तिथे चुकीचा क्रमांक उचलला जाणं ही किरकोळ बाब नाही. अशा वेष्टनांवर मिलिमीटर ठळक छापलेले असावेत, हे मी तुमच्याइतक्याच आग्रहाने म्हणेन.

पण ‘सगळीकडेच मिलिमीटर’ ही मागणी विणकामात टिकत नाही. तिथे गेज म्हणजे दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते, आणि हे लोकरीवर, सुयांवर आणि विणणाऱ्याच्या हातावर ठरतं. नमुन्यात २२ टाके सांगितलेत आणि तुमच्या सैल हाताने २० च बसले, तर २२० टाक्यांचा स्वेटर १०० सेंटिमीटरऐवजी ११० चा होतो. सुईची जाडी मिलिमीटरमध्ये कितीही अचूक लिहा, हा फरक तिच्यातून कळणार नाही. आधी चौकोन विणून टाके मोजावे लागतात.

दाबाच्या गेजचंही तसंच. टायरचं गेज शून्य दाखवतं तेव्हा आत हवा नसते असं नाही. बाहेरच्या इतक्याच, साधारण एक बार दाबाची हवा असते. टायर गाडीचा किती भार उचलून धरेल हे या फरकावरच ठरतं, म्हणून चालकाला हाच आकडा हवा. वायूचे नियम लावताना मात्र वातावरणाचा दाब मिळवावाच लागतो, नाहीतर हिशेब साफ चुकतो.

राहिला पत्रा, आणि तो तुमचा प्रांत. अमेरिकी कोष्टकांप्रमाणे १६ गेजचा साधा पोलादी पत्रा १.५२ मिमी, जस्त चढवलेला १.६१, स्टेनलेस १.५९ आणि ॲल्युमिनियमचा १.२९. साध्या पोलादाचा आकडा मुळात वजनावरून आला: १६ गेज म्हणजे एका चौरस फुटाला अडीच पौंड. पत्रा तोलून विकायचा होता तोवर हे सोयीचं होतं. आज तो वाकवायचा, कापायचा आणि सांध्यात बसवायचा असतो, आणि तिथे जाडीच लागते. तेव्हा ड्रॉइंगवर नुसतं ‘१६ गेज’ लिहू नये, धातू आणि मिलिमीटरमधली जाडी टॉलरन्ससह (किती कमीजास्त चालेल त्यासह) लिहावी, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. जुन्या ड्रॉइंगवर फक्त गेज असेल, तर ते कोणत्या कोष्टकातलं हे विचारल्याशिवाय पत्रा मागवू नये.