दहावीतल्या पोरीने कलेक्टर व्हायलाच पाहिजे का?

किशोरवयीन मुलांसाठी मराठीत येणाऱ्या कष्टाच्या गोष्टींबद्दल बरंच मनात साचलंय, आज लिहून टाकते. गोष्ट ठरलेली असते. बाप दारू पिणारा किंवा वारलेला, आई चार घरची धुणीभांडी करणारी, पोरगं रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारं. शेवटच्या पानावर ते कलेक्टर होतं. मला या गोष्टींचा राग येतो. त्या खोट्या असतात म्हणून नाही, अशी मुलं खरंच होतात. पण त्यांत दुःखाला किंमत येते ती यश मिळाल्यावरच. जिला पंचावन्न टक्के पडले, तिच्या घरातली ओढाताण जणू सांगण्यासारखीच नव्हती.

उत्तर नागपुरातल्या एका अभ्यासिकेत मी आठवी ते बारावीच्या मुलींसोबत गोष्टी वाचते. त्यातल्या एकीने मला सरळ विचारलं, "ताई, पुस्तकातली पोरगी कलेक्टरच काऊन होते? आमच्या मोहल्ल्यात तं कोणीच नाही झालं." मग पुस्तक बाजूलाच राहिलं. तुम्हाला काय वाचायला आवडेल, असं विचारल्यावर मुली भराभर बोलायला लागल्या. घरात मोबाइल एकच आणि भावंडं तिघं, तर रात्री तो कोणाकडे राहतो? घरमालक भाडं मागायला आला की आई घरात नाही असं सांगायला मलाच काऊन पाठवतात? सहलीचे पैसे नाहीत हे मैत्रिणीला न सांगता सहल कशी टाळायची? अकरावीतच स्थळ आलं, आणि मुलगा बरा दिसला, तर? हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. बालविवाहाबद्दल आपण भाषणं देतो, पण त्या पोरीला तो मुलगा थोडा आवडलासुद्धा असेल, हे लिहायची हिंमत कादंबरीच करू शकते.

ही कादंबरी आपल्याकडे जवळजवळ नाहीच. वाचनालयात बालविभागाचं कपाट संपलं की एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या सुरू होतात. मधली पाच वर्षं जणू कोणी वाचतच नाही. पण दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे जाऊन बघा. शाळकरी पोरं खिशातले पैसे मोजून पुस्तकं घेतात. भूक आहे. ती पोरं मग आत्मकथनांकडे वळतात, आणि ती वाचावीतच. 'बलुतं' १९७८ साली आलं, 'झोंबी' १९८७ साली, आणि आजही ती हलवून टाकतात. पण आत्मकथनात एक दिलासा आधीच मिळालेला असतो. सांगणारा त्यातून निभावून गेला, शिकला, लेखक झाला, हे आपल्याला मुखपृष्ठावरच कळतं. चौदा वर्षांच्या मुलीला असा दिलासा कोणीच दिलेला नसतो. पुढे काय होणार, हे तिला ठाऊक नाही. तिच्यासारखंच ज्याला काही ठाऊक नाही, असं पात्र तिला कल्पित गोष्टीतच भेटू शकतं.

"मुलांना कशाला निराश करायचं?" असं शिक्षक आणि पालक विचारतात. अहो, वसतिगृहात किंवा काकाच्या घरी राहून इथे शिकणारी यवतमाळ-वर्ध्याकडची मुलं गावातली कापसाची शेती आणि सावकार घरातच बघून आलेली असतात. कोणत्या घरात कोणी फास लावून घेतला, हे त्यांना नावानिशी माहीत असतं. माहिती त्यांच्याकडे आहे, बोलायला जागा नाही. जबाबदारी मात्र लेखकावर मोठी आहे. आत्महत्या हा सुटकेचा मार्ग म्हणून येता कामा नये, तिचे तपशील तर नकोतच, आणि पात्राला बोलता येईल असं एक तरी माणूस गोष्टीत असायला हवं. ते माणूस देवदूत नसलं तरी चालेल. शेजारची काकू पुरे.

आणि कृपा करून या पोरांना हसू द्या. हलाखीतली मुलं चोवीस तास रडत नसतात. आमच्या मुली तर एकमेकींची एवढी खेचतात की वर्ग थांबवावा लागतो. त्यांना आपल्या बोलीत बोलू द्या. 'झुंड' २०२२ मध्ये आला तेव्हा नागपूरची वस्ती, इथलीच पोरं, इथलं बोलणं पडद्यावर बघून काय आनंद झाला होता! पण तो हिंदी सिनेमा. मराठी पुस्तकात "मले", "तुले", "जाऊन राहिली" म्हणणारी पोरगी अजूनही बहुधा विनोदापुरतीच येते.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. विदर्भातल्या संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे, यंदा एक दीर्घकथा तेरा ते सतरा वयाच्या वाचकांसाठी मागवा. आणि लिहिणाऱ्यांनो, कच्चा खर्डा असला तरी मला मेसेज करा. आमच्या मुली वाचतील, आणि कुठे कंटाळा आला ते पान नंबरासकट सांगतील.