बुबुने आधी आईचं नाव विचारलं

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला. भाच्याला पाचवं वर्ष लागतंय, तर केक कापायचा की औक्षण करायचं? काका म्हणाले, आपल्यात दिवा लावतात, मेणबत्त्या फुंकून विझवायच्या कशाला? चुलतभावाचं म्हणणं, पोराला केक हवाय, त्याचा हिरमोड करू नका. दोन दिवसांत शंभरावर मेसेज झाले. मी इथे फिजीत, सुव्याला बसून सगळे वाचले. डोळ्यासमोर मात्र दोन वर्षांपूर्वी कंदावू बेटावर झालेला माझा चाळिसावा वाढदिवस होता.

कंदावू सुव्याच्या दक्षिणेला. रस्ते नावापुरतेच, एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर होडीने. एका गावात नळाच्या पाण्याचं काम होतं, म्हणून सहा आठवडे एका कुटुंबात राहिले. पहिल्या दिवशी रीतीप्रमाणे यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन गेले. यंगोना म्हणजे बाहेरचे लोक जिला कावा म्हणतात ती. ती मुळी स्वीकारली की पाहुणा गावाचा झाला. घरातल्या आजीला सगळे बुबु म्हणत, मीही म्हणू लागले.

वाढदिवसाचं मी कुणाला बोलले नव्हते. नातीने सहज तारीख विचारली आणि बुबुला जाऊन सांगितली. मग त्या दिवशी सकाळपासून परसात खड्डा खणून लाकडं पेटवली, त्यावर दगड तापायला ठेवले. ही लोवो, जमिनीतली भट्टी. बुबुने मला नारळ खवायला बसवलं. बसायला लाकडी फळी, तिच्या टोकाला दातेरी लोखंडी पातं. रत्नागिरीत आजोळी खवणी होती ती अशीच. हात आपोआप चालू लागला तशी बुबु माझ्याकडे बघतच राहिली. अकरा नारळ खवले मी.

खोबरं पिळून निघालेलं घट्ट दूध दालोच्या पानात जातं. दालो म्हणजे आपलं अळू. आपण पानाला बेसन लावून वळकटी करतो. त्या बायका कोवळं पान तळहातावर वाटीसारखं धरतात, त्यात कांदा, मासळी आणि नारळाचं दूध घालून पुरचुंडी बांधतात. हे पालुसामी. तापल्या दगडांवर दालोचे कंद, कसावा, मासे आणि या पुरचुंड्या रचल्या, वर केळीची पानं, गोणपाटं आणि माती.

गोडाला पुरिनी होती. साखर काळपट होईपर्यंत जाळायची, त्यात नारळाचं दूध ओतायचं, मैदा कालवायचा आणि दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात घालून उकडायचं. नाव इंग्रजी पुडिंगवरून आलेलं. पण ती चव आता त्यांच्या घरची आहे, आणि हे आपलं की परकं असा प्रश्न त्या परसात कुणाला पडला नाही. केकच्या वादात मी भाच्याच्या बाजूने आहे ती यामुळे. घरात शिजलेली, हाताने वाटलेली वस्तू चार पिढ्यांत आपली होते. बटाटा आणि साबुदाणा आपण उपवासाला खातो, तो काय आपल्या मातीतला? तलवारीने केक कापणं आणि चौकाचौकांत भाऊंचे फ्लेक्स लावणं यांची मात्र मला मनापासून चीड आहे. तिथे वाढदिवस हे जरब बसवायचं निमित्त होतं.

फिजीला सगळं जमलंय असं मी म्हणणार नाही. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर भारतीय मजूर गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, इथे आणले गेले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना १९८७ साली एकाच वर्षात लष्कराची दोन बंडं बघावी लागली, आणि त्यांच्यातले हजारो लोक देश सोडून गेले. पुडिंगला जे सहज मिळालं, ते माणसांना मिळालं नाही.

संध्याकाळी चटईवर सगळे जमले. बुबु प्रार्थना सांगणार होती. सुरू करण्याआधी ती माझ्याकडे वळली आणि आईचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने ते दोनदा पुटपुटून जिभेवर बसवलं आणि डोळे मिटले. त्या भाषेतलं मला काही कळत नव्हतं, पण आईचं नाव तीनदा ऐकू आलं. नंतर बुबुच्या लेकीने अर्थ सांगितला: दूरच्या त्या बाईने कळा सोसल्या म्हणून आजचा दिवस आहे, आणि तिने आपली मुलगी आपल्याकडे पाठवली.

माझ्या आईची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच लावली होती. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता घेऊन तिने आम्हा सगळ्यांना ओवाळलं, पण ती स्वतः पाटावर बसलेली मला आठवत नाही. आणि परवाच्या त्या शंभर मेसेजांत केक होता, दिवा होता, संस्कृती होती. वहिनीचं नाव एकदाही नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्या दिवशी तिला बावीस तास कळा आल्या होत्या. मी ग्रुपवर लिहिलं: केक आणा, औक्षणही करा, पण पोराच्या शेजारी वहिनीसाठी दुसरा पाट मांडा, आणि तिला आधी ओवाळा. काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. वहिनीने रात्री वेगळा फोन केला आणि बराच वेळ बोलली.

कंदावूत त्या रात्री जेवणं झाल्यावर मी बॅटरी घेऊन टेकडीवर गेले, कारण गावात रेंज फक्त तिथेच. आमचे नऊ वाजले होते, रत्नागिरीत दुपारचे अडीच. आईला सगळं सांगितलं, प्रार्थनेत तिचं नाव घेतलं तेही. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तिने विचारलं, "त्या आजींच्या आईचं नाव काय गं?"

मला ते ठाऊक नव्हतं. विचारायला मी खाली उतरले.