आधी प्रयोगशाळेत या, मग पुस्तकात

उत्क्रांतीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "उत्क्रांती आणि ती न मानणारं मत, अशा दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवायला काय हरकत आहे?" विचारणारी माणसं बहुतेक वेळा मनापासूनच विचारत असतात. मी दहावीला विज्ञान शिकवते, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचं लहानसं गाव आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ठराव केला, की नववीत उत्क्रांती शिकवण्याआधी मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं. डार्विनचा सिद्धान्त म्हणजे सिद्ध झालेली वस्तुस्थिती नव्हे, 'इंटेलिजंट डिझाइन' हे वेगळं स्पष्टीकरणही आहे, आणि त्यावरचं पुस्तक शाळेत ठेवलेलं आहे, असा त्याचा आशय. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती कुणा बुद्धिमान कर्त्यानेच केली असणार, हा त्यामागचा दावा. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला, तेव्हा प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन वाचलं. नोकरी धोक्यात घालून नाही म्हणणाऱ्या त्या शिक्षकांबद्दल मला फार आदर वाटतो.

अकरा पालक कोर्टात गेले. शाळेच्या बाजूने साक्षीला आलेले जीवरसायनतज्ज्ञ मायकेल बीही यांनी पूर्वी लिहिलं होतं, की आपली रोगप्रतिकार यंत्रणा कशी निर्माण झाली याचं उत्तर विज्ञानाकडे नाही. उलटतपासणीत वकिलाने त्यांच्यासमोर याच विषयावरचे ५८ शोधनिबंध ठेवले, शिवाय नऊ पुस्तकं. बीही म्हणाले, हे पुरेसं नाही. २० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, सरकारी शाळेत ते शिकवता येणार नाही. या न्यायाधीशांची नेमणूक धर्मनिष्ठ मतदारांचा पाठिंबा असलेल्या रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीच केली होती.

यावर एक तक्रार नेहमी ऐकू येते: वेगळा विचार करणाऱ्यांना संशोधनासाठी कुणी पैसाच देत नाही. टेम्पलटन फाउंडेशन ही धर्म आणि विज्ञान यांच्या नात्यावरच्या कामाला भरघोस पैसा देणारी संस्था. श्रद्धेबद्दल तिच्या मनात आकस असण्याचं काहीच कारण नाही. तिने इंटेलिजंट डिझाइनवाल्यांना प्रत्यक्ष संशोधनाचे प्रस्ताव पाठवायला सांगितलं होतं. तिथले वरिष्ठ अधिकारी चार्ल्स हार्पर यांनी २००५ मध्ये सांगितलं, की असे प्रस्ताव आलेच नाहीत. माझ्या दृष्टीने कोर्टाच्या निकालापेक्षाही हे मोठं उत्तर आहे. देणारा तयार होता, पण करून पाहण्याजोगा प्रयोगच कुणाकडे नव्हता.

आता याच पेनसिल्व्हेनियातला एक माणूस बघा. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातले टेड डेशलर आणि शिकागोचे नील शुबिन या जीवाश्मतज्ज्ञांनी साधा हिशेब मांडला. माशांपासून चार पायांचे प्राणी झाले असतील, तर मधला जीव सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, उथळ पाण्यातल्या गाळापासून बनलेल्या खडकांत सापडायला हवा. तसे खडक कॅनडाच्या आर्क्टिक भागात उघडे पडलेले आहेत. १९९९ पासून मोहिमा सुरू झाल्या. वर्षातला जेमतेम उन्हाळाच कामाचा, हेलिकॉप्टरशिवाय पोचणं अशक्य, आणि काही वर्षं हवं ते हाती लागलं नाही. २००४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे डोव्हरच्या ठरावाच्या काही महिने आधी, एल्समीअर बेटावर 'टिक्टालिक' मिळाला. अंगावर माशाचे खवले, पण डोकं वळवता येईल अशी मान आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं! वर्गात त्याचं चित्र दाखवते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात. संशोधनाचा पैसा यासाठी असतो. आपलं म्हणणं खोटं ठरू शकेल अशा ठिकाणी जाऊन खणायचं.

आपल्याकडेही हे सगळं घडून गेलंय. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुणी सांगितलेलं नाही, अभ्यासक्रम बदला. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून विरोध केला. तरी २०२३ मध्ये सीबीएसई शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच, ओझं कमी करण्याच्या नावाखाली. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून तो परत मागितला. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या विज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे, याचा मला अभिमान आहे.

पैशाची गोष्ट त्याहून बोचते. संशोधन आणि विकासावर आपला देश जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, तीन टक्क्यांच्या मागणीसाठी शास्त्रज्ञ २०१७ मध्ये रस्त्यावर उतरले होते. असं असताना २०२० मध्ये देशी गायींच्या उत्पादनांवरच्या संशोधनासाठी सरकारने प्रस्ताव मागवले, तेही ती उत्पादनं गुणकारी असल्याचं जवळपास गृहीत धरून. पाचशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. गोमूत्र तपासायला माझी ना नाही. पण उत्तर 'नाही' आलं तर तेही छापू, एवढं अर्जातच लिहून घ्या. आणि सीबीएसईच्या दहावीतली जी मुलं पुढे कॉमर्सला किंवा आर्ट्सला जाणार आहेत, त्यांच्यासाठी पुस्तकातून गेलेला तो भाग म्हणजे उत्क्रांती शिकण्याची शेवटची संधी होती. तो धडा यंदाच्या यंदा परत छापा.